नांगर : एक नांव, दोन शब्द

नांगर म्हटला कीं शहरांतल्या माणसाच्याही डोळ्यांसमोर शेत उभें राहतें. पण कोंकणातल्या खलाशाला त्याच शब्दानें गलबत आठवतें. एक नांगर बैलांमागून जमीन फाडीत चालतो. दुसरा तळाशीं रुतून गलबताला जागचें हलूं देत नाहीं. दोघांचेंही टोंक मातींत शिरतें, म्हणून एकाचें नांव दुसऱ्यास मिळालें असावें, असा तर्क सहज सुचतो. शब्दांचा इतिहास मात्र निराळा आहे.

शेतकऱ्याचा नांगर म्हणजे संस्कृत 'लांगल'. हा शब्द ऋग्वेदांत आढळतो; कित्येक भाषापंडित तो मूळचा आर्येतर मानतात. बलरामास 'लांगली' म्हणतात तें त्यावरूनच. पालींत त्याचें 'नंगल' झालें, प्राकृतांत 'णंगल', आणि मराठींत अखेरच्या 'ल'चा 'र' होऊन 'नांगर'. गलबताचा नांगर हा फारसी 'लंगर' होय. त्याच्याही आरंभींच्या 'ल'चा मराठींत 'न' झाला, आणि दोन वाटांनीं आलेले शब्द एका रूपांत येऊन मिळाले. हिंदींत एकास 'हल' व दुसऱ्यास 'लंगर' म्हणतात. त्यामुळें तेथें हा घोटाळा होत नाहीं.

'हल' शब्द मराठींतून अगदींच गेला असें मात्र नव्हे. नांगराच्या लांब दांडीस 'हळस' म्हणतात. तींत 'हल' आणि 'ईषा' हे दोन शब्द दडलेले आहेत. जमिनींत शिरतो तो फाळ, बैलांच्या मानेवर असतें तें जूं, आणि नांगऱ्याच्या मुठींत असतें तें रुमणें.

हें अवजार वाक्प्रचारांतही शिरलें आहे. 'गाढवाचा नांगर फिरविणें' म्हणजे गांव उद्ध्वस्त करणें. आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुण्यावर असा नांगर फिरविला आणि पुढें जिजाबाईंनीं बाल शिवाजीच्या हस्तें सोन्याच्या फाळाचा नांगर धरवून तें पुन्हा वसविलें, अशी परंपरागत कथा आहे. उजाड करणारा नांगर आणि वसविणारा नांगर एकच. फरक तो कोण ओढतो व कोण धरतो एवढाच.

1903 सालच्या सुमारास बेळगांवीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केले, तेव्हां लोखंडानें जमीन बिघडते या समजुतीनें शेतकरी प्रथम ते घेईनात. पुढें भीति गेली आणि लोखंडी नांगर शेतांत रुळला. आज ट्रॅक्टरमागें जें अवजार जोडतात त्यासही 'पलटी नांगर'च म्हणतात. लांकूड गेलें, बैल गेले, तरी नांव राहिलें.

पण त्या नांगरास जूं नाहीं व रुमणेंही नाहीं. वस्तूच नाहींशी झाली कीं तिचा शब्दही तोंडांतून जातो. 'नांगर' शब्दकोशाच्या मदतीवांचून टिकेल. 'हळस' आणि 'रुमणें' टिकावयाचे तर ते आजोबांच्या तोंडून नातवंडांच्या कानीं आजच पडले पाहिजेत.