पैसे मोजण्याआधी यंत्रे मोजा

मी कविता लिहितो. संगणकाशी माझा संबंध प्रुफांपुरता. धाकट्या भावाच्या छापखान्यात दुपारी प्रुफे तपासत बसतो, इतकाच. तरी आज संगणकाच्या संरक्षणावर बोलायचे धाडस करतो आहे, कारण हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेले नाही.

छापखान्यात 12 संगणक आणि कोपऱ्यात एक सर्व्हर. पुस्तकांची पाने, गिऱ्हाइकांची बिले, सारे त्या एकाच यंत्रात साठते. अँटिव्हायरस घ्यायची वेळ आली तेव्हा भावाने घरगुती वापराची स्वस्त पाकिटे आणली. एका पाकिटात 3 संगणक. 4 पाकिटांत 12 भागले. सर्व्हरवर ते चढेना. "भाईजान, त्याच्यापुढे बसतंय कोण?" असे म्हणून भावाने तो तसाच ठेवला. एका सोमवारी सर्व्हरमधली एकही फाइल उघडेना. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी! दिवाळी अंकाची पाने गेली. माझ्या टेबलावर कागदी प्रुफांचा गठ्ठा होता म्हणून अंक पुन्हा जुळवता आला. बिलांचे मात्र प्रूफ नसते. कोणाकडून किती येणे, हे शेवटी गिऱ्हाइकांनाच विचारावे लागले.

नंतर माझ्या भाच्याने, तो हेच काम करतो, आम्हाला समोर बसवून समजावले.

पहिली गोष्ट मुदतीची. अँटिव्हायरसचा परवाना ही बहुधा एक ते तीन वर्षांची वर्गणी असते. ती संपली की नव्या धोक्यांची माहिती येणे थांबते. पडद्यावरचे चिन्ह तसेच राहते, म्हणून आपण निर्धास्त राहतो.

दुसरी गोष्ट मोजणीची. काही परवाने यंत्रामागे असतात, काही माणसामागे. तीन पाळ्यांत तिघे एकाच संगणकावर बसत असतील तर यंत्रामागचा परवडतो. एकाच माणसाकडे संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल असेल तर माणसामागचा. मायक्रोसॉफ्टची 'डिफेंडर फॉर बिझनेस' ही योजना 300 माणसांपर्यंतच्या उद्योगांसाठी आहे. तीत माणशी 5 यंत्रे चालतात. पण सर्व्हरसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो.

सर्व्हर वेगळा का? तो दिवसरात्र चालू असतो आणि सगळ्यांच्या फाइली त्याच्याकडे असतात. हिशेबाची फाइल सतत तपासली जाऊ लागली तर सगळ्यांचेच काम मंदावते. म्हणून त्याला सर्व्हरसाठीच बनवलेले संरक्षण हवे, आणि कोणत्या फाइली वगळायच्या हे हिशेबाची प्रणाली देणाऱ्याला विचारून ठरवावे. एका सर्व्हरच्या पोटात चार आभासी सर्व्हर असतील तर मोजणी एकाची की चौघांची, हेही विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

व्यावसायिक परवान्यात बहुधा सगळी यंत्रे एकाच पडद्यावर दिसतात. कोणाचे संरक्षण बंद आहे, कोण मागे पडले आहे, हे तिथे कळते. आमच्याकडे तो पडदा असता तर सर्व्हरची रिकामी जागा पहिल्याच दिवशी दिसली असती.

एवढ्याने भागत नाही. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' जगभर पसरला. विंडोजमधली ती फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती घेतलीच नव्हती. विंडोज 10 चा नेहमीचा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हा परवान्याबरोबर यंत्राचे वयही पाहावे. आणि सगळ्या कामाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवावी.

भाचा निघताना म्हणाला, "मामू, पैसे मोजण्याआधी यंत्रं मोजा."

आता छापखान्याच्या भिंतीवर 13 यंत्रांची यादी आहे. प्रत्येकापुढे परवान्याची तारीख. सर्व्हर सर्वांत वर. दर महिन्याला ती तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रुफे वाचणाऱ्याला सुटलेली ओळ दिसतेच, असा माझ्या भावाचा समज आहे.