कॅमेरा घ्यायचाय? आधी हिशेब मांडा

डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, तेव्हा डिजिटल कॅमेरे गावाकडे आलेच नव्हते. त्या घरादारांचे फोटो आज कुणाच्या पेटीत असतील, तर ते रोलच्या कॅमेऱ्यातलेच. तेव्हा वाचकहो, रोलला नावं ठेवू नका. पण खिशात मोजके पैसे घेऊन कॅमेरा घ्यायला निघाला असाल, तर हिशेब निराळा आहे. मोबाइलवर भागत असेल तर प्रश्नच मिटला.

रोलचा जुना कॅमेरा स्वस्तात मिळतो. खरा खर्च पुढेच. एका मोठ्या रोलवर फोटो ३६. महिन्याला एक धरला, तरी वर्षाला १२ रोल, फोटो ४३२. रोल आणि धुलाईचा दर दुकानात विचारा, १२ नं गुणा आणि तो आकडा वापरलेल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या किमतीशेजारी मांडा. शिवाय फोटो हलला, तर डिजिटलमध्ये जागेवरच कळतं. शिकणाऱ्याला हेच मोलाचं.

जुना कॅमेरा घेताना भिंग उजेडाकडे धरून पाहा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. जाळी दिसली तर घेऊ नका. त्याची बॅटरी बाजारात मिळते का, तेही विचारा.

मात्र निगेटिव्ह कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. मेमरी कार्ड एका फटक्यात जातं. म्हणून फोटो दोन ठिकाणी ठेवा आणि वाचलेल्या पैशातून घरच्या थोरामोठ्यांचे दहा-बारा तरी कागदावर काढून घ्या. उद्या पेटीत तेच सापडतील.