दिल्लीची चतुःसीमा : राजधानीस जाणाऱ्या शेतकरी बंधूंसाठी

राजधानी एकदा डोळ्यांनी पाहून यावी, ही इच्छा आपल्याकडील पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनात असते. परंतु दिल्लीहून परत आलेल्या दहा जणांस विचारावे, तर नऊ जण एवढेच सांगतात की, लाल किल्ला पाहिला, कुतुबमिनार पाहिला, गर्दी फार होती. कोणते स्थळ कोणत्या दिशेस व एकापासून दुसरे किती लांब, हे त्यांस सांगता येत नाही. कारण ते स्वतः हिंडलेले नसतात, त्यांस हिंडविलेले असते. हे आम्ही कोणास हिणविण्यासाठी लिहीत नाही. आमची स्वतःची पहिली खेप अशीच फुकट गेली.

दुसऱ्या खेपेस मात्र आम्ही सावध झालो. पुसा येथील कृषी विज्ञान मेळा पाहण्याच्या निमित्ताने आम्ही व आमच्या गावचे एक वयोवृद्ध बागाईतदार, ज्यांस सारा गाव नाना म्हणतो, असे दोघेच निघालो. आमची सारी हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. तेव्हा गाडीतच असे ठरविले की, खरेदीखत जसे वाचतो तसेच हे शहर वाचावे. म्हणजे प्रथम चतुःसीमा, मग आतील तपशील. या रीतीने पाच दिवसांत आम्हांस जे कळले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

चतुःसीमा

पूर्वेस यमुना नदी. ही उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेस अरवली पर्वताची शेवटची सोंड, जिला तेथे रिज म्हणतात. ही खडकाळ असून तिजवर वेड्या बाभळीचे रान माजले आहे. उत्तरेस काश्मीरी दरवाजा. दक्षिणेस मेहरौली व तेथील कुतुबमिनार. उत्तर-दक्षिण अंतर सरळ रेषेत सुमारे पंधरा-सोळा किलोमीटर भरते. हल्लीचे शहर या चारही सीमा ओलांडून यमुनेपलीकडेही दूरवर पसरले आहे. तथापि प्रवाशाने पाहण्याजोगी बहुतेक स्थळे या हद्दीच्या आतच आहेत.

आत तीन मोठे भाग धरावे. उत्तरेस शहाजहानने वसविलेली जुनी दिल्ली, मध्ये इंग्रजांनी बांधलेली नवी दिल्ली, व दक्षिणेस त्याहून कितीतरी जुनी मेहरौली. नदीच्या बाजूने उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत आल्यास लाल किल्ला, राजघाट, पुराना किल्ला व हुमायूनची कबर ही याच क्रमाने लागतात. लाल किल्ला बांधला त्या काळी यमुना त्याच्या भिंतीखालून वाहत असे. पुढे ती पूर्वेस सरकली व आज त्या जागी मोटारींचा रस्ता आहे. नदीकाठच्या शेतकऱ्यांस यात नवल वाटण्याचे कारण नाही.

दिशा मनात पक्क्या बसविण्यास सर्वांत सोयीची जागा म्हणजे कर्तव्य पथ. हा रस्ता पूर्व-पश्चिम आहे. मध्यावर उभे राहून राष्ट्रपती भवनाकडे तोंड करावे, म्हणजे आपण पश्चिमेस पाहत असतो. उजव्या हातास कॅनॉट प्लेस व त्यापुढे जुनी दिल्ली, डाव्या हाताकडे दूर कुतुब, आणि पाठीस इंडिया गेट, त्यामागे पुराना किल्ला व यमुना. ही एक खूण ध्यानात ठेवली की रिक्षावाल्याने उलट दिशेस नेल्यास तेव्हाच कळून येते.

भुयारी गाडी व आमची फजिती

हिंडण्यास मेट्रो गाडी उत्तम. ती २००२ सालच्या डिसेंबरात सुरू झाली व आता बहुतेक सर्व स्थळांजवळ जाते. प्रत्येक मार्गास रंगाचे नाव आहे. काश्मीरी दरवाजा, चांदणी चौक, राजीव चौक, केंद्रीय सचिवालय, हौज खास व कुतुबमिनार ही स्थानके एकट्या पिवळ्या मार्गावर आहेत. तो एक मार्ग समजला की निम्मी दिल्ली समजली. लाल किल्ला व जामा मशीद ही स्थानके जांभळ्या मार्गावर आहेत. गाडीवर लिहिलेले असते ते शेवटच्या स्थानकाचे नाव. म्हणून उत्तरेस जाणाऱ्याने पिवळ्या मार्गाचे उत्तर टोक समयपूर बादली हे आहे, इतके पाठ करावे. मार्ग बदलण्याच्या मोठ्या स्थानकांत फरशीवर रंगीत पावले काढलेली आहेत. आपल्या मार्गाच्या रंगाची पावले धरून चालावे. गाडीच्या जाण्याच्या दिशेचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो, हे सहकुटुंब जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

राजीव चौक हे स्थानक जमिनीखाली असून तेथे पिवळा व निळा मार्ग एकमेकांस छेदतात. संध्याकाळी तेथे पंढरीच्या वाळवंटासारखी दाटी होते. त्या दाटीत आम्ही डब्यात ढकलले गेलो, दार मिटले, आणि नाना बाहेरच राहिले. त्यांचा फोन आमच्या पिशवीत, हिंदी त्यांस बेताचेच. आमच्या अंगास घाम सुटला. पुढील पटेल चौक स्थानकावर उतरून आम्ही उलट गाडीने परत आलो. पाहतो तो, नाना ज्या खांबाशी आमची चुकामूक झाली त्याच खांबास टेकून शांतपणे उभे! ते म्हणाले, "भाऊसाहेब, हरवलेला माणूस फिरत राहिला तर सापडत नाही. मी जागा सोडली नाही." दोष सर्वस्वी आमचा होता. तेव्हा नियम असा करावा : जो मागे राहिला त्याने हलू नये, जो पुढे गेला त्याने पुढच्याच स्थानकावर उतरून माघारी यावे. आणि प्रत्येकाच्या खिशात उतरण्याच्या जागेचा पत्ता व सोबत्याचा फोन क्रमांक कागदावर लिहिलेला असावा.

पाहण्याचा क्रम

एक दिवस उत्तर भागास द्यावा. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हे आधी ध्यानात घ्यावे. हा किल्ला १६३९ ते १६४८ या काळात बांधला गेला. आतील दिवाण-ई-खासचे छत पाहताना मराठी माणसास १७६० सालची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, परंतु फौजेचा पगार भागेना. तेव्हा या छताची चांदी काढून वितळवावी लागली. पुढील जानेवारीत पानिपत झाले. किल्ल्यासमोर चांदणी चौक. येथील मधल्या रस्त्यावरून पूर्वी कालव्याचे पाणी वाहत असे. हा कालवा मुळात फिरोजशहा तुघलकाने यमुनेतून काढला व शहाजहानच्या वेळी दुरुस्त होऊन शहरात आला. चौकाच्या टोकास, फतेहपुरी मशिदीपलीकडे, खारी बावली हा मसाल्याचा बाजार आहे. हळद-मिरची पिकविणाऱ्यांनी तेथे तासभर तरी काढावा. परतताना राजघाट पाहून लगतच्या किसान घाटावर जावे; शेतकऱ्यांचे पुढारी व माजी पंतप्रधान चौधरी चरणसिंग, जे १९८७ साली निवर्तले, त्यांची समाधी तेथे आहे.

दुसरा दिवस मध्यभागास. राष्ट्रपती भवन, १९२७ सालचे जुने वर्तुळाकार संसदभवन व त्याशेजारी २०२३ साली उघडलेले नवे त्रिकोणी भवन, इंडिया गेट, व मग पुराना किल्ला. या शेवटच्या किल्ल्याशी शेरशहा सुराचे नाव जोडलेले आहे. त्याने १५४० ते १५४५ एवढे अल्प काळ राज्य केले, पण जमिनीची मोजणी करून सारा ठरविण्याची पद्धत घालून दिली. आमच्यासारख्या कारकुनाने तेथे टोपी काढून उभे राहणे योग्यच होते. रिजच्या बाजूस ताल कटोरा आहे. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीरावसाहेब दिल्लीवर चालून आले, तेव्हा त्या परिसरात बादशाही फौजेशी त्यांची चकमक झाली होती.

तिसरा दिवस दक्षिणेस. कुतुबमिनार ७२.५ मीटर उंच आहे. १९८१ सालच्या अपघातापासून आत चढू देत नाहीत. अंगणातील लोहस्तंभ गुप्तकाळचा असून अद्याप गंजलेला नाही. आपला नांगराचा फाळ एका पावसाळ्यात तांबडा होतो, हे जाणणाऱ्यास त्याची किंमत अधिक कळते.

चौथा दिवस पुशास. निळ्या मार्गाने करोल बागेच्या पुढे उतरून रिक्षा करावी. पुसा हे नाव मुळात दिल्लीचे नव्हे. बिहारातील पुसा गावी १९०५ साली शेतकी संशोधनाची संस्था निघाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत ढासळली, व १९३६ साली ती दिल्लीस आली, ती येताना गावाचे नाव घेऊन आली. गव्हाच्या बुटक्या जातींवरील काम व पुसा बासमती ११२१ सारखे वाण येथलेच. मेळा फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या आरंभी भरतो व तेथे बियाणे विकत मिळते. एरवी गेल्यास त्याच भागातील राष्ट्रीय कृषी विज्ञान संग्रहालय पाहावे. पाचव्या दिवशी पहाटे उठून उत्तरेकडील आझादपूर मंडीत जावे. आपल्या नाशिकचा कांदा व सोलापूरचे डाळिंब तेथे कसे उतरते, कसे निवडले जाते व कोणत्या भावाने जाते, हे स्वतः पाहिल्याने जे ज्ञान होते ते दलालाच्या पट्टीवरून होत नाही.

लाल डोरा

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तिकडे वळतो. तिसऱ्या दिवशी आम्ही हौज खास येथे थांबलो. हा मोठा तलाव अल्लाउद्दीन खिलजीने खणविला. पुढे तो गाळाने भरला, तेव्हा फिरोजशहाने गाळ काढविला. तलावाशेजारी एक गाव आहे. बोळ अरुंद, घरे एकमेकांस खेटून. परंतु घराघरांत खानावळी व कापडाची भारी दुकाने. नाना बराच वेळ पाहत राहिले व म्हणाले, "भाऊसाहेब, हे गावठाण आहे. मग याचे शिवार कोठे गेले?"

नानांचा प्रश्न बिनतोड होता. दिल्लीच्या महसुली नकाशात गावठाणाभोवती तांबडी रेघ ओढलेली असे, म्हणून तेथे गावठाणास लाल डोरा म्हणतात. शहर वाढले तसतशी रेघेबाहेरची शेते सरकारने घेतली, रेघेतील घरे राहिली. मुनिरका, महिपालपूर अशी कितीतरी गावे आज याच स्थितीत आहेत. स्थानकांची नावे वाचीत गेल्यास बाग, सराय, गंज, पूर ही अक्षरे पुन्हापुन्हा येतात. त्यावरून कोठे मळा होता, कोठे धर्मशाळा होती, कोठे वस्ती होती, हे ओळखू येते.

मग आम्ही नानांस रायसीन्याची हकीकत सांगितली. १२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज बादशहाने दिल्लीदरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याचे जाहीर केले. नंतर ज्या टेकडीवर सरकारी वाडे उठले, तेथे रायसीना व जवळच मालचा ही शेतकऱ्यांची गावे होती. १८९४ च्या कायद्याने त्यांची जमीन घेतली गेली. त्या कायद्यात त्या वेळी जमीनधारकाची हरकत ऐकून घेण्याचे कलमच नव्हते. ते १९२३ साली घातले गेले. मालच्याची काही कुटुंबे सोनीपतकडे जाऊन वसली. आज एक नाव टेकडीस उरले आहे व दुसरे वकिलातींच्या वस्तीतील एका रस्त्यास.

नाना थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या लोकांना कागद वाचून दाखवणारा कोणी होता का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही, आणि त्यास कारण होते. आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षी महामार्गाच्या वळणरस्त्यात नानांच्या संत्र्याच्या बागेपैकी दोन एकर गेले, विहीरही गेली. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात हरकतीची मुदत अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून अवघी २१ दिवसांची. नानांचा गट नंबर त्या यादीत आमच्याच हाताने लिहिला गेला होता. यादी नियमाप्रमाणे प्रसिद्ध झाली, वर्तमानपत्रात आली, आणि मुदत टळून गेल्यावर नानांस कळले. हरकत दिली असती तर रस्ता वळलाच असता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु विहिरीपुरती रेघ चार हात सरकली असती की काय, हे आता कोणीच सांगू शकत नाही. नानांचे घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांच्या ओसरीवर जाऊन ती यादी वाचून दाखवावी, हे आम्हांस तेव्हा सुचले नाही. हे त्या सायंकाळी तलावाच्या काठावर आम्ही त्यांस सांगितले. ते एवढेच म्हणाले, "मला ठाऊक होते, भाऊसाहेब. अक्षर तुमचे होते." आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

असो. शेतकरी बंधूंनी दिल्लीस अवश्य जावे; परक्याच्या दारी गेल्यासारखे बुजून मात्र हिंडू नये, कारण ते शहर आपल्यासारख्यांच्याच शिवारावर उभे आहे. जाण्यापूर्वी चतुःसीमा पाठ करावी, सोमवार टाळावा, चुकल्यास जागा सोडू नये. आणि परत आल्यावर आपल्या तालुक्याच्या गावाकडे त्याच डोळ्यांनी पाहावे. १८९४ चा कायदा आता राहिलेला नाही. १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्यात हरकतीस ६० दिवस मिळतात, महामार्गास मात्र २१ च. हे दिवस मोजणे आपल्याच हाती आहे. आमच्या गावापुरते सांगावयाचे तर, दर सोमवारी सकाळी नानांच्या ओसरीवर आम्ही वर्तमानपत्रातील सरकारी जाहिराती मोठ्याने वाचतो. ज्यांच्या हाती असा कागद आला असेल त्यांनी तो घेऊन यावे. चहा नानांकडे असतो.