मदत मागायला न येणारा विद्यार्थी
(लेखांक सहावा)

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, कमी शुल्काची आणि प्रवेशाला गुणांची अट न घालणारी दोन वर्षांची महाविद्यालये, यांची सुरुवात १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले तेव्हा झाली आणि त्यांचे दार आज सर्वांना उघडे आहे; परंतु आत आलेला विद्यार्थी पदविका घेऊनच बाहेर पडावा याची तजवीज फार उशिरा सुरू झाली, आणि शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुणांचे प्रमाण सातत्याने अधिक राहिले.

अशा विद्यार्थ्यांना मार्गदर्शक जोडून देण्याचा एक जुना प्रयोग १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील हेवर्डच्या शॅबो कॉलेजात समुपदेशक फेलिक्स गालाविझ आणि इंग्रजीच्या प्राध्यापिका पॅट्रिशिया मॅक्ग्रा यांनी सुरू केला. 'प्वेंते' नावाचा हा प्रकल्प केवळ पुरुष विद्यार्थ्यांसाठी नव्हता. पण लेखनाचा वर्ग, नेमलेला समुपदेशक आणि समाजातील नोकरी-व्यवसायात स्थिरावलेला मार्गदर्शक हे तिन्ही त्यात एकत्र बांधलेले असल्याने निबंध अडला काय किंवा पुढच्या सत्राचे विषय निवडायचे राहिले काय, ते कोणाच्या तरी लगेच लक्षात येई.

हे लक्षात येणे पुरुष विद्यार्थ्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे ठरते. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात असताना ल्यूक वुड आणि फ्रँक हॅरिस या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, 'याला जमत नाही' असा शिक्का बसेल या धास्तीने आणि पुरुषाने आपले आपण निभावावे या संस्कारामुळे हे तरुण शिक्षकाच्या खोलीचे दार ठोठावत नाहीत. म्हणून कार्यालयात वाट पाहत बसणारा मार्गदर्शक, कितीही सहृदय असला तरी, फारसा उपयोगी पडत नाही. दोन तास बुडताच विद्यार्थ्याला गाठणारा हवा. न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाने २००५ मध्ये 'ब्लॅक मेल इनिशिएटिव्ह' (कृष्णवर्णीय पुरुषांसाठीचा उपक्रम) हाती घेतला तो याच वर्गाकडे पाहून, मात्र वंश वा लिंग यांवरून भेद करण्यास कायद्याची मनाई असल्याने त्याचे कार्यक्रम सर्वांना खुले ठेवावे लागले.

तरीही मार्गदर्शनाला सर्वरोगहारी मानण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती तपासून घेतली पाहिजे. ज्याच्याकडे कॉलेजात येण्याच्या भाड्याचे पैसे नाहीत, त्याला उपदेश करून काय होणार? न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाच्याच कम्युनिटी कॉलेजांत २००७ पासून चाललेल्या 'एसॅप' योजनेत, जी कोणत्याही एका वंशापुरती नाही, शुल्कातील तूट, पाठ्यपुस्तके आणि मेट्रोचा पास यांची सोय करून शिवाय एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी सोपवले गेले, जेथे एरवी सहाशेहून अधिक असत. चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तशा यादृच्छिक निवडीने केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत पदविका मिळवणाऱ्यांचे प्रमाण योजनेत ४० टक्के, तर योजनेबाहेर २२ टक्के आढळले. दर विद्यार्थ्यामागे खर्च अर्थातच वाढला. पण उत्तीर्ण होणारे इतके वाढले की दर पदविकेमागचा खर्च उलट कमी भरला.