लग्नमांडवातून नाडेपच्या टाक्यात

विदर्भातील लग्न हे एका घराचे नव्हे, साऱ्या गावाचे कार्य असते. यवतमाळ जिल्ह्यात तुळशीचे लग्न आटोपले की मांडव पडू लागतात आणि हा हंगाम वैशाख-ज्येष्ठापर्यंत चालतो. वरात निघून गेल्यावर अंगणात उरतात ते जांभळाचे व आंब्याचे सुकलेले डहाळे, केळीचे खांब, हार, उष्ट्या पत्रावळी आणि भाताची अर्धी भरलेली गंजे. हा पसारा बहुधा एकत्रच उकिरड्यावर अथवा नाल्यात लोटला जातो. वस्तुतः त्यातील बहुतेक वस्तूंना गावातच जागा आहे. मात्र त्या एकमेकांत मिसळण्यापूर्वी वेगळ्या करावयास हव्यात.

सर्वांत निकडीचा प्रश्न उरलेल्या अन्नाचा होय. उन्हाळ्यात शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवणे योग्य नाही. म्हणून ते कोणाला द्यावयाचे, हे शेवटची पंगत बसतानाच ठरवावे. रात्र उलटलेला भात दुसऱ्या दिवशी वस्तीवर वाटण्यात औदार्यापेक्षा धोकाच अधिक. भात, पोळ्या व बुंदी टोपल्यांनी गुरांपुढे ओतण्याची रीतही तितकीच घातक आहे. असे पिष्टमय अन्न एकदम पोटात गेले की जनावराच्या कोटीपोटात ते वेगाने आंबते, आम्ल वाढते, जनावर चारा व रवंथ सोडते आणि वेळीच पशुवैद्यकीय उपचार न मिळाल्यास दगावते. पेरणी तोंडावर आलेली असताना बैल गमावणे कोरडवाहू शेतकऱ्यास कसे परवडावे? द्यावयाचेच तर नेहमीच्या चाऱ्यासोबत अगदी थोडे द्यावे.

मांडवाचा पाला, केळीचे खांब आणि पत्रावळी यांच्यासाठी उपाय शोधण्यास जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली कंपोस्ट खताची पद्धत त्यांच्याच आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे आणि चारही भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवावयाची, एवढीच तिची बांधणी. त्यात काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर एकावर एक देतात. सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचऱ्यास शेण अवघे ९० ते १०० किलो लागते. शेण गोवऱ्यांत जाते अशा गावांना हे प्रमाण विशेष सोयीचे. माती मात्र सुमारे १७५० किलो लागते.

एका लग्नाच्या कचऱ्याने टाके भरत नाही, आणि ते तर एक-दोन दिवसांतच भरून लिंपावे लागते. यास्तव डहाळे व उष्टे झटकलेल्या पत्रावळी वाळवून साठवाव्यात आणि पऱ्हाटीचे तुकडे, तुरीचा पाला व सोयाबीनचे कुटार यांची जोड द्यावी. जाड फांद्या सरपणास ठेवाव्यात. हारांतील दोरे, तारा आणि जरी काढून टाकणे कंटाळवाणे खरे, पण ते टाळल्यास तेच पुढे शेतात जाते. भरतेवेळी १५०० ते २००० लिटर पाणी लागते. टंचाईच्या दिवसांत तांदूळ-भाजी धुतलेले पाणी या कामी वापरता येईल.

पत्रावळ पळसाची असेल तरच हे सारे जमते. राज्याने थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर मार्च २०१८ मध्ये बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यांच्या जागी आलेल्या चकचकीत कागदी पत्रावळींना बहुधा आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो व तो कुजत नाही. पळस जिल्ह्याच्या रानात विपुल आहे. महिला बचत गटांना पत्रावळी व द्रोणांची मागणी लग्नतिथीपूर्वीच नोंदविली, तर यजमानाची सोय होते आणि गटास कामही मिळते.

आहेराच्या साड्यांची चिंता नको. त्यांच्या वाकळी होतातच. दुबार आलेली भांडी ग्रामपंचायतीने गावभांडारात जमा करून पुढील कार्यास माफक भाड्याने द्यावीत.

खत ९० ते १२० दिवसांत तयार होते. माघात भरलेले टाके त्यामुळे खरिपाच्या पेरणीस उपयोगी पडते. वैशाखात भरलेल्या टाक्यातील खत हरभरा व गव्हासाठी राखून ठेवावे लागते.