चालत्या घरासाठी इंधनथांबा

मुले नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झाली, की आई-वडिलांची एखादी तरी उन्हाळी वारी तिकडे घडतेच. अलीकडे अशा भेटीत आरव्ही भाड्याने घेऊन पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्याने पाहण्याचा बेत अनेक कुटुंबांत आखला जातो. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घरच. त्यात झोपण्याची जागा, शेगडी, फ्रीज आणि स्वच्छतागृह असते. परक्या मुलुखात आपल्या हातचे, आपल्या नियमांत बसणारे जेवण वेळेवर मिळते, हे आपल्यासारख्या कुटुंबांना मोठेच सुख वाटते.

बेत आखताना मुक्काम, तिकिटे, हवामान यांचा बारकाईने विचार होतो. इंधनाचा विचार मात्र ‘वाटेत पंप असतातच’ या एका वाक्यात आटोपतो. पंप असतात हे खरे. परंतु तीस फूट लांब आणि बारा फूट उंच वाहन जेथे सहज आत जाईल आणि तितक्याच सहज बाहेर येईल, असे पंप त्यांतले थोडेच. बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना पैसा कसा द्यायचा याआधी तो परत कसा येणार, हे पाहण्याची शिस्त आम्हाला लावलेली असे. इंधनथांब्यालाही तीच शिस्त लागू पडते. बाहेर पडण्याचा मार्ग दिसल्याखेरीज आत शिरू नये.

प्रथम हिशेब मांडू. भाड्याने मिळणारे मोठे आरव्ही बहुधा पेट्रोलवर चालतात. अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, हे येथे ध्यानात ठेवावे. अशा वाहनाची टाकी साधारण 55 गॅलनची, म्हणजे सुमारे 208 लिटरची असते. एका गॅलनला 8 मैलांची सरासरी धरली, तर भरलेली टाकी 440 मैल जाईल असे कागदावर दिसते. पण चढाचा रस्ता आणि समोरचा वारा ही सरासरी सहज खाली आणतात. शिवाय वाहनातील जनरेटर याच टाकीतून इंधन घेतो. टाकीत सुमारे पाव भाग इंधन उरले, की जनरेटर बंद पडावा अशी त्याची रचना असते. म्हणून तो पाव भाग हा आपला राखीव निधी समजावा व त्याला हात लावू नये. टाकी अर्धी होताच, म्हणजे सुमारे 200 मैलांवर, पुढचा थांबा ठरलेला असावा. निकड नसते तेव्हा निवड करता येते. काटा तळाशी गेला की मिळेल त्या पंपात शिरावे लागते, आणि अडचणीचे प्रसंग तेथेच उद्भवतात.

या अडचणी तीन प्रकारच्या असतात. पहिली उंचीची. पंपावरील छताची उंची बहुधा त्याच्या कडेवर लिहिलेली असते. आपल्या वाहनाची उंची छपरावरील वातानुकूलन यंत्रासह मोजलेली असावी आणि ती चिठ्ठीवर लिहून चालकासमोर चिकटवावी. दुसरी अडचण वळणाची. आरव्हीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे गेलेला असतो. वाहन एका बाजूला वळवले, की हा भाग दुसऱ्या बाजूला फेकला जातो आणि पंपाच्या किंवा रक्षक खांबांच्या अंगावर जातो. म्हणून इंधन भरल्यावर मागची चाके पंप ओलांडेपर्यंत सरळ पुढे जावे व मगच हळू वळावे. तिसरी अडचण मागे घेण्याची. स्वतःच्या आरव्हीमागे मोटार चारही चाकांवर ओढत नेणाऱ्यांना तर मागे येताच येत नाही. मोटार सोडवूनच सुटका करून घ्यावी लागते. यासोबत भाडेकरारही पूर्ण वाचावा. छपराला झालेले नुकसान अनेक करारांत विम्यातून वगळलेले असते आणि ती ओळ लहान अक्षरांत असते.

मग थांबायचे कोठे? महामार्गांवरील ट्रक-थांबे हे त्याचे पहिले उत्तर. पायलट, फ्लाइंग जे, लव्ह्ज, टीए आणि पेट्रो ही त्यांतील परिचित नावे. फ्लाइंग जे आणि लव्ह्जच्या अनेक ठिकाणी आरव्हींसाठी वेगळ्या मार्गिका आहेत. काही ठिकाणी प्रोपेन भरण्याची व सांडपाणी सोडण्याचीही सोय असते. मालट्रकांच्या मार्गिकांवर केवळ डिझेल मिळते, तेव्हा पेट्रोलच्या आरव्हीने तेथे जाऊ नये. डिझेलच्या आरव्हीने जावे, पण भरणे होताच वाहन पुढे घेऊन मागच्यासाठी जागा मोकळी करावी. ट्रकचालकाची कमाई बहुधा त्याने कापलेल्या मैलांवर असते. त्याचा खोळंबा हा त्याचा तोटाच होय. बकीज या दुकानसाखळीच्या आवारात मोठ्या मालट्रकांना प्रवेश नसतो, पण आरव्हींना असतो, आणि पंपांची संख्या व जागा दोन्ही विपुल असतात.

महामार्गावरून बाहेर पडण्याआधी लागणाऱ्या निळ्या फलकांवर इंधन कंपन्यांची चिन्हे असतात. काही राज्यांत त्या चिन्हावर पिवळ्या वर्तुळात ‘आरव्ही’ ही अक्षरे दिसतात. मोठ्या वाहनाला तेथे पुरेशी जागा आहे, असा त्याचा अर्थ. आदल्या रात्री नकाशाच्या उपग्रहचित्रात थांबा पाहून ठेवावा. प्रवेश व निर्गमन वेगवेगळे आहेत का, पंपांपुढे किती मोकळी जागा आहे आणि कडेची रांग कोणती, हे चित्रात स्पष्ट दिसते. अपरिचित ठिकाणी कडेची रांग नेहमीच बरी. सायंकाळी ट्रक-थांबे मुक्कामाच्या ट्रकांनी भरून जातात. म्हणून इंधन सकाळी घ्यावे, आणि मोठ्या शहरात शिरण्यापूर्वीच घ्यावे.

आपल्याकडील प्रवाशांचा एक समज येथे दूर केला पाहिजे. आंतरराज्य महामार्गावरील ‘रेस्ट एरिया’त बहुधा इंधन मिळत नाही, तेथे व्यापारी सेवा देण्यास 1956 पासून कायद्याने मनाई आहे. पेनसिल्व्हेनिया किंवा ओहायोच्या जुन्या पथकर-मार्गांवरील सेवास्थाने हा त्याला अपवाद. यूटा राज्यात ग्रीन रिव्हर ते सलाइना या टप्प्यात महामार्ग क्रमांक 70 वर शंभराहून अधिक मैल कोणतीही सेवा नाही. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरील मुख्य वस्तीत पंप नाही; तो तुसायान येथे किंवा पूर्वेकडील डेझर्ट व्ह्यू येथे आहे. योसेमिटीच्या मुख्य दरीतही पंप नाही. अशा भागांत मोबाइलची कक्षाही तुटक असते, म्हणून थांब्यांची यादी कागदावरही असावी.

प्रत्यक्ष इंधन भरताना एक दक्षता अनिवार्य आहे. फ्रीज, पाणी तापवण्याचे यंत्र आणि शेगडी प्रोपेनवर चालत असतात. पंपाच्या आवारात शिरण्यापूर्वीच त्यांच्या ज्योती, प्रोपेनची मुख्य कळ व जनरेटर बंद केलेले असावेत. मागे मुले झोपलेली असतात, म्हणून हे काम ठरलेल्या एकाच व्यक्तीकडे असावे. नळीची मूठ हिरवी म्हणजे डिझेल, असा सर्वसाधारण संकेत आहे; परंतु बीपीच्या पंपांवर पेट्रोलची मूठही हिरवी असते. तेव्हा रंगावर न विसंबता अक्षरे वाचावीत.

पैशांबाबतही दोन गोष्टी. पंपावर कार्ड लावले, की यंत्र अनेकदा तेथील टपाल विभागाचा पाच अंकी क्रमांक विचारते. भारतीय कार्ड तेथे अडते. अशा वेळी दुकानात जाऊन आगाऊ पैसे द्यावेत व उरलेले परत घ्यावेत. शिवाय पंपावर एका व्यवहाराला ठरावीक मर्यादा असते. मोठी टाकी भरण्यापूर्वीच यंत्र थांबले, तर कार्ड पुन्हा लावावे. बँक काही काळ खऱ्या खर्चापेक्षा अधिक रक्कम रोखून धरू शकते, म्हणून खात्यात पुरेशी शिल्लक असावी. न्यू जर्सीत मात्र पेट्रोल स्वतः भरण्यास मनाई आहे. तेथे कर्मचारीच भरून देतो.

या साऱ्यात ज्येष्ठांचे स्थान कोणते? मुलांच्या प्रवासात आपण सामानासारखे बसून आहोत, ही खंत अनेक आई-वडिलांच्या मनात असते. बोलून कोणी दाखवत नाही. वस्तुतः आरव्हीला आणखी एका सावध डोळ्यांची नितांत गरज असते. मैलांची व गॅलनांची वही लिहिणे, पुढचा थांबा शोधून ठेवणे, पंपाबाहेर उतरून छताची उंची व वळणाची जागा पाहणे आणि मग हाताने खूण करणे, ही कामे साठी उलटलेल्या माणसाला उत्तम जमतात. वेगाची घाई त्याला नसते आणि हिशेबाची सवय आयुष्यभराची असते. चालकाला दिसत नाही तो कोपरा खाली उतरलेल्या माणसाला दिसतो. प्रवासाला निघताना एक वही, एक पेन्सिल आणि वाहनाची उंची लिहिलेली ती चिठ्ठी वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावी.