लाइट गेली, आली आणि डी ड्राइव्ह उघडेना: आधी कॉपी, मग दुरुस्ती

व्हिडिओत स्क्रीनवर जे दाखवलं, तेच इथे क्रमाने लिहितोय. म्हणजे वेळ आली की मोबाइलवर वाचत वाचत काम करता येईल.

समजा, बिलिंग चालू असताना लाइट गेली. परत आल्यावर विंडोज सुरू झालं, पण टॅलीचा डेटा ज्यात आहे तो डी ड्राइव्ह उघडत नाही. वर मेसेज येतो की ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करा. समोर गिऱ्हाईक उभं असतं, घाईत हात त्याच बटणाकडे जातो. तिथेच थांबा. कॅन्सल दाबा.

असं का होतं? आपण सेव्ह केलेली गोष्ट लगेच डिस्कवर उतरतेच असं नाही, काही काळ ती मेमरीत थांबलेली असते. नेमकी तेव्हा लाइट गेली तर लिखाण अर्धवट राहतं. बऱ्याचदा वहीची पानं शाबूत असतात, फक्त अनुक्रमणिका बिघडते. फॉरमॅट केलं की नवी कोरी अनुक्रमणिका तयार होते आणि जुनी पानं शोधणं अवघड होतं. एसएसडी असेल तर फॉरमॅटनंतर डेटा परत मिळण्याची आशा फारच कमी.

आता स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ‘इनिशियलाइझ डिस्क’ असं विचारलं तर तिथेही कॅन्सल. मग काय दिसतं ते बघा:

१. पार्टिशन दिसतं, पण अक्षर नाही. हा सगळ्यात सोपा प्रकार. त्यावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मध्ये पूर्वीचंच अक्षर द्या. अक्षर बदललं तर बिलिंग सॉफ्टवेअरला डेटा सापडणार नाही.

२. एनटीएफएस दिसतं, पण फोल्डर उघडताना एरर येतो. जे उघडतं ते आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. त्यानंतरच ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टूल्स’मधलं ‘चेक’ चालवा. ही दुरुस्ती अनुक्रमणिका जुळवते, पण त्यात खराब फाइल्सचे तुकडेही होऊ शकतात. म्हणून कॉपी आधी.

३. एनटीएफएसच्या जागी ‘रॉ’ दिसतं. इथे विंडोजचं चेकडिस्क चालत नाही. तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर संपूर्ण क्लोन घ्या आणि टेस्टडिस्कसारखं मोफत सॉफ्टवेअर त्या क्लोनवर चालवा. मिळालेल्या फाइल्स तिसऱ्या जागी सेव्ह करा. जमत नसेल तर जाणकाराकडे द्या, पण ‘आधी क्लोन घेणार का?’ हे विचारूनच.

४. डिस्कच दिसत नाही. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, डिस्कच्या दोन्ही केबल नीट बसवा. शक्य असेल तर केबल बदलून बघा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्रत्येक प्रयत्नात नुकसान वाढू शकतं. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

एवढी काळजी कशाला? डिस्क नवी मिळते, उधारीची यादी आणि स्टॉक बाजारात मिळत नाही. शिवाय जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. ‘लाइट गेली होती’ म्हटल्याने ती जबाबदारी संपत नाही.

डेटा मिळाला की दोन सवयी लावा. पहिली, कॉम्प्युटरला यूपीएस. तो काम चालू ठेवायला नाही, तर फाइल सेव्ह करून नीट शटडाउन करायला आहे. दुकानात इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोड आहे का बघा आणि तो चालू ठेवा. दुसरी, रोज गल्ला मोजला की बॅकअप. एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर, एक दुकानाबाहेर, म्हणजे घरी किंवा क्लाउडवर. त्याच डिस्कच्या ई ड्राइव्हवर ठेवलेली कॉपी म्हणजे बॅकअप नाही, कारण डिस्क गेली की दोन्ही गेले.

आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडला, तरच तो बॅकअप.